वाचकांचे प्रश्न : गोवा विद्यापीठ – स्थापना, कुलगुरू आणि प्राध्यापकांच्या नेमणुका

गोवा विद्यापीठाबद्दल वाचकांकडून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या वार्षिक अंकात मुलांनी गोव्यातील उच्च शिक्षणावर लेख लिहिले आहेत. विद्यापीठाची स्थापना एकाने १९६५, दुसऱ्याने १९८४ आणि तिसरीने १९८५ अशी दिली आहे. एका पालकांचे म्हणणे, गोव्यात १८४२पासून विद्यापीठ होते. आम्ही छापायचे काय?
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : मुलांनी दिलेली तिन्ही वर्षे बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगळ्या घटनांची आहेत. पालकांनी सांगितलेले वर्षही खरे आहे, पण ते विद्यापीठाचे नाही.

१८४२मध्ये पणजीत सुरू झाली ती 'एस्कोला मेडिको-सिरुर्जिका', म्हणजे वैद्यक आणि शस्त्रक्रिया शिकवणारी शाळा. आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे तिचेच पुढचे रूप. त्यानंतर १८५४मध्ये पणजीत लिसेव निघाले. ते माध्यमिक शिक्षणापुरते होते. कला, विज्ञान किंवा कायद्याची पदवी हवी असेल तर गोमंतकीय मुलाला एकतर मुंबई-पुण्याला जावे लागे, नाहीतर थेट पोर्तुगालमधील लिस्बन किंवा कोइंब्रा गाठावे लागे. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा इथे कला-विज्ञान शाखेचे एकही पदवी महाविद्यालय नव्हते. मुलांच्या लेखात ही गोष्ट जरूर यायला हवी. त्याशिवाय पुढच्या पंचवीस वर्षांत किती मजल मारली, ते कळत नाही.

पहिली महाविद्यालये लगेच, १९६२मध्येच निघाली : पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले. १९६३मध्ये म्हापशाचे सेंट झेवियर्स आले, १९६७मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९७३मध्ये मिरामारचे साळगावकर कायदा महाविद्यालय. ही सगळी मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि पदवी, सगळे मुंबईचे. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने जून १९६५मध्ये पणजीत पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन केंद्र उघडले. त्या पिढीतील लोक त्याला 'पीजी सेंटर' म्हणतात. १९६५ हे वर्ष त्या केंद्राचे.

१९८४ हे गोवा विद्यापीठ कायद्याचे वर्ष. विद्यापीठाचे काम प्रत्यक्ष सुरू झाले १ जून १९८५ रोजी. पीजी सेंटर त्यात विलीन झाले आणि महाविद्यालयांची संलग्नता टप्प्याटप्प्याने मुंबईकडून गोव्याकडे आली.

तेव्हा अंकात असे छापा : 'गोवा विद्यापीठ कायदा १९८४मध्ये झाला आणि १ जून १९८५पासून विद्यापीठाचे काम सुरू झाले. त्यापूर्वी १९६५पासून मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र पणजीत होते.' एका चुकीवर विशेष लक्ष ठेवा. 'गोवा राज्याने विद्यापीठ स्थापन केले' असे वाक्य अनेक लेखांत आढळते. १९८५मध्ये गोवा राज्य नव्हते. गोवा, दमण आणि दीव असा केंद्रशासित प्रदेश होता आणि त्याच विधानसभेने हा कायदा केला. घटक राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ रोजी. म्हणजे विद्यापीठ राज्याहून दोन वर्षांनी मोठे आहे.

प्रश्न : वडिलांनी १९७८मध्ये पणजीच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. केले. भावाच्या परदेशातील कागदपत्रांसाठी त्यांच्या पदवीची पडताळणी आणि गुणांचा उतारा हवा आहे. ताळगावला विद्यापीठात अर्ज केला, तर आमच्याकडे नोंद नाही म्हणून परत पाठवले. आता जायचे कुठे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्हाला मिळालेले उत्तर बरोबर आहे. १९७८मध्ये गोवा विद्यापीठच नव्हते. वडिलांची परीक्षा मुंबई विद्यापीठाने घेतली आणि पदवीही त्यांनीच दिली, त्यामुळे नोंदी मुंबईतच आहेत. महाविद्यालय आज गोवा विद्यापीठाला संलग्न असले, तरी जुन्या निकालांच्या नोंदी त्याबरोबर इकडे येत नाहीत. पीजी सेंटरमधून एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. केलेल्यांनाही हेच लागू आहे.

पहिल्यांदा पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर कोणत्या विद्यापीठाचे नाव छापले आहे ते पाहा. तिथे 'बाँबे' असे जुने नाव असेल. सप्टेंबर १९९६मध्ये ते 'मुंबई' झाले. विद्यापीठ तेच आहे, तेव्हा जुन्या नावामुळे अर्ज अडत नाही. मग गुणपत्रिकेवरून तीन गोष्टी जशाच्या तशा उतरवून घ्या : परीक्षेचा महिना आणि वर्ष, बैठक क्रमांक आणि महाविद्यालयाचे त्या वेळचे नाव. इतक्या जुन्या नोंदी शोधताना बैठक क्रमांक फार उपयोगी पडतो. तो नसेल तर आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा आणि शिक्षण घेतल्याचा दाखला घ्या. मगच मुंबईला, कालिना येथील परीक्षा विभागाकडे अर्ज करा. उलट क्रमाने गेलात तर मुंबईहून पुन्हा महाविद्यालयाकडेच पाठवतील.

गुणांचा उतारा, दुय्यम गुणपत्रिका आणि पदवीची पडताळणी या तीन वेगळ्या सेवा आहेत. त्यांचे अर्ज आणि शुल्कही वेगळे असते. परदेशी संस्था बहुधा उतारा आणि पडताळणी या दोन्ही गोष्टी थेट विद्यापीठाकडून, बंद लखोट्यात किंवा ऑनलाइन मागवतात. त्यांनी नेमके काय मागितले आहे ते पत्र पुन्हा एकदा वाचून घ्या. मूळ कागद हरवला असेल तर पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

गोमंतकीयांचे अर्ज सर्वांत जास्त अडतात ते नावावर. जन्माची नोंद पोर्तुगीज अमदानीतील असेल तर आडनावाचे स्पेलिंग पोर्तुगीज धाटणीचे असते. नाईक, केणी, शेणवी ही आडनावे तिथे 'क्यू' किंवा 'एक्स' वापरून लिहिलेली आढळतात. शाळेत घालताना मास्तरांनी तेच आडनाव इंग्रजी पद्धतीने लिहिले आणि पुढे गुणपत्रिका, पदवी, पासपोर्ट सगळीकडे तेच चालत आले. फरक केवळ स्पेलिंगचा असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालते. नाव किंवा आडनाव खरोखरच बदललेले असेल, तर गोव्याच्या १९९०च्या नाव व आडनाव बदल कायद्याखाली केलेली नोंद दाखवावी लागते. पदवीवरील नाव आता बदलून घेण्याच्या नादाला लागू नका. परीक्षेच्या वेळी जे नाव होते तेच पदवीवर राहते आणि राहायला हवे.

१९८५ ते १९८८च्या सुमारास पदवी घेतलेल्या वाचकांनी अंदाज बांधू नये. तो संक्रमणाचा काळ होता. एकाच महाविद्यालयात मागे-पुढे शिकलेल्या भावंडांच्या पदव्या वेगळ्या विद्यापीठांच्या असू शकतात. प्रमाणपत्रावर जे नाव छापले आहे तेच प्रमाण.

प्रश्न : कुलगुरूंची नेमणूक मुख्यमंत्री करतात की राज्यपाल? आणि आतापर्यंत बहुतेक कुलगुरू बाहेरून का आले? आमच्या विद्यार्थी मंडळात यावरून बराच वाद झाला.
– विद्यार्थी, मडगाव

उत्तर : नेमणूक कुलपती करतात. गोव्याचे राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. मुख्यमंत्री किंवा शिक्षणमंत्री यांना कुलगुरू नेमण्याचा अधिकार नाही.

पण कुलपतींनाही मनात येईल ते नाव घालता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, जुलै २०१८च्या विनियमांत पद्धत ठरवून दिली आहे. शोध व निवड समिती नेमली जाते. तिचे सदस्य उच्च शिक्षणातील नामवंत असावे लागतात. त्यांचा त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कोणत्याही प्रकारचा संबंध असता कामा नये आणि एक सदस्य यूजीसीच्या अध्यक्षांनी सुचवलेला असावा लागतो. समिती जाहिरात देऊन, नामनिर्देशने मागवून किंवा स्वतः शोध घेऊन ३ ते ५ नावांची यादी करते. प्रत्येक नाव का निवडले याची कारणे लेखी देते. त्या यादीतून एकाची नेमणूक कुलपती करतात. उमेदवाराला विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान १० वर्षांचा अनुभव लागतो, किंवा नामवंत संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत १० वर्षांचा अनुभव आणि शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा लागतो.

यात 'प्राध्यापक' म्हणजे त्या पदावरची १० वर्षे. सहायक आणि सहयोगी पदावरची वर्षे त्यात धरत नाहीत. वीस-पंचवीस वर्षे उत्तम शिकवलेले लोकही इथे अडतात, कारण प्राध्यापकपद त्यांना उशिरा मिळालेले असते.

पद्धत मोडली तर काय होते, याची दोन उदाहरणे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात घडली. गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द झाली, कारण शोध समितीत यूजीसीचा प्रतिनिधी नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील नेमणूक गेली. तिथे समितीने यादी न देता एकच नाव पाठवले होते. राज्याच्या कायद्यात वेगळी तरतूद असली तरी यूजीसीचे विनियम वरचढ ठरतात, हे या निकालांनी पक्के केले. विद्यार्थी मंडळाने पुढच्या वेळी व्यक्तीवरून वाद घालण्यापेक्षा समितीत कोण आहे, यूजीसीचा प्रतिनिधी कोण आणि यादीत किती नावे गेली, एवढे तीन प्रश्न विचारावेत. नेमणूक टिकणार की नाही, हे त्यांच्या उत्तरांवर ठरते.

आता 'बाहेरून' या मुद्द्याकडे वळू. पहिले कुलगुरू बी. शेख अली हे इतिहासकार. म्हैसूरच्या इतिहासावर त्यांचे मोठे काम आहे आणि त्याआधी मंगळूर विद्यापीठाचेही ते पहिले कुलगुरू होते. नव्या विद्यापीठाला घडी बसवून देणारा माणूस हवा होता, म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. त्यांच्यानंतर प. रा. दुभाषी आले. ते प्रशासकीय सेवेतून आलेले, लोकप्रशासनावर लिहिणारे. पुढे बी. एस. सोंदे हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक, पी. एस. झकारियस हे हैदराबाद विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ आणि दिलीप देवबागकर हे पुण्याचे जीवशास्त्रज्ञ. २०१२मध्ये आलेले सतीश शेट्ये त्याआधी दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. ताळगावच्या पठारावरून ती संस्था हाकेच्या अंतरावर, तेव्हा त्यांना 'बाहेरचे' म्हणणे कठीणच. २०१६ ते २०२१ या काळात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे वरुण साहनी, विषय आंतरराष्ट्रीय राजकारण. त्यांच्यानंतर हरिलाल मेनन आले ते गोवा विद्यापीठाच्याच सागरी विज्ञान विभागातून.

ही यादी कुठे छापणार असाल तर प्रभारी कुलगुरूंची नावे वेगळी ठेवा. दोन नियमित नेमणुकांमध्ये पद रिकामे राहिले की विद्यापीठातील ज्येष्ठ व्यक्तीकडे कार्यभार दिला जातो. कोंकणी विभागाचे ओलिव्हिन्य गोमिश यांनी असा कार्यभार सांभाळला होता. प्रभारी आणि नियमित एकाच ओळीत घातले की 'कितवे कुलगुरू' हा आकडा प्रत्येक लेखात वेगळा येतो. वाचकांकडून आलेल्या तीन पत्रांत तीन वेगळे आकडे होते, त्याचे कारण हेच.

बाहेरून माणूस आणण्यात दोष नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. राज्य लहान आहे. इथे प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. प्राध्यापकांच्या निवडी, बढत्या आणि महाविद्यालयांच्या चौकश्या ज्याच्या सहीने होतात, त्याला गोतावळा नसलेला बरा. मात्र बाहेरून आलेल्याला इथली महाविद्यालये, गावे आणि भाषा समजून घ्यायलाच पहिले वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून कुलसचिव, परीक्षा नियंत्रक आणि वित्त अधिकारी ही पदे भरलेली असणे फार गरजेचे असते. ती प्रभारींवर चालली तर कितीही विद्वान कुलगुरू आला तरी कारभार खुंटतो.

प्रश्न : मुलीने मराठीत एम.ए. केले आहे, गुण ५४.८ टक्के. ती कर्नाटकातील सेट (अध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) ही परीक्षाही पास आहे. गोव्यात सहायक प्राध्यापक होता येईल का?
– पालक, पेडणे

उत्तर : दोन्ही ठिकाणी अडचण आहे, तेव्हा तुम्हाला स्पष्टच सांगतो.

खुल्या प्रवर्गासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के लागतात आणि ५४.८चे ५५ करून धरले जात नाहीत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट असते. तुमची मुलगी यांपैकी कोणत्या प्रवर्गात बसत असेल तर ५४.८ टक्के पुरेसे आहेत. बसत नसेल, तर श्रेणीसुधार परीक्षेला बसता येते का, याची चौकशी ज्या विद्यापीठातून एम.ए. केले तिथे करावी. ही सोय सगळीकडे नसते आणि जिथे असते तिथेही ठरावीक मुदतीतच मिळते.

सेटचे म्हणाल, तर जून २००२नंतरच्या राज्य सेट परीक्षा त्या त्या राज्यापुरत्याच ग्राह्य असतात. कर्नाटकची सेट गोव्यात चालत नाही. गोव्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा यांची एकत्रित सेट असते आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. मुलीने ती द्यावी. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दिली तर आणखी चांगले, कारण ती देशभर चालते. सीमेवरच्या तालुक्यांतील अनेक मुले शेजारच्या राज्याची परीक्षा देतात आणि नेमकी इथेच फसतात.

१ जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेट किंवा सेट पुरेशी आहे. पण 'सक्तीची नाही' म्हणजे 'उपयोगाची नाही' असे नव्हे. अर्ज जास्त आले की मुलाखतीला कुणाला बोलवायचे ते १०० गुणांच्या तक्त्यावरून ठरते. विद्यापीठातील पदासाठी त्यात पीएच.डी.ला ३० गुण, जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५ आणि सेटला ३ असतात. महाविद्यालयाच्या पदासाठी हेच गुण अनुक्रमे २५, १०, ८ आणि ५ असे आहेत. हा तक्ता फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता. अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर होते.

अर्ज कुठे करायचा, तेही ठरवून घ्या. सरकारी महाविद्यालयातील पदे गोवा लोकसेवा आयोग भरतो. तिथे संगणकावरची चाळणी परीक्षा असते, १५ वर्षांच्या गोव्यातील वास्तव्याचा दाखला मागितला जातो, कोंकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट अशी अट असते. अनुदानित महाविद्यालये स्वतः जाहिरात देतात आणि त्यांच्या निवड समितीवर विद्यापीठाचे प्रतिनिधी असतात. विद्यापीठाची स्वतःची जाहिरात वेगळी निघते. वास्तव्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळायला दिवस लागतात. जाहिरात आल्यावर धावाधाव करू नका, तो आधीच काढून ठेवा.

सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये, सहयोगीचे १,३१,४०० आणि प्राध्यापकाचे १,४४,२००. सहयोगी पदाच्या थेट भरतीला पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव आणि ७ शोधनिबंध लागतात. प्राध्यापकपदासाठी १० वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि पीएच.डी.साठी यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा लागतो. हे आकडे सुरुवातीपासून डोळ्यांसमोर ठेवावेत. बरेच जण नोकरी लागल्यावर लिहिणे थांबवतात आणि आठ वर्षांनी शोधनिबंध मोजायला बसतात.

प्रश्न : पीएच.डी.साठी मार्गदर्शक मिळत नाही. प्रत्येक जण 'जागा नाही' म्हणतो. ही जागा म्हणजे काय?
– काणकोण

उत्तर : २०२२च्या यूजीसी विनियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. म्हणजे कारण खरे असते, टाळाटाळ असतेच असे नाही. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. विभागातील यादी पाहताना हे दोन्ही हिशेब करा. सहायक प्राध्यापकांनाही विचारा. पीएच.डी. आणि किमान ३ शोधनिबंध असले की तेही मार्गदर्शक होऊ शकतात. विद्यार्थी सहसा मोठ्या नावांच्या मागे लागतात आणि तरुण मार्गदर्शकांच्या जागा रिकाम्या राहतात.

विषय समुद्राशी किंवा ध्रुवीय प्रदेशांशी निगडित असेल तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र इथले शास्त्रज्ञही मार्गदर्शन करतात, नोंदणी विद्यापीठात होते. गोव्याच्या इतिहासावर काम करणार असाल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातील इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह आधी पाहा. तिथेच नुनो गोन्साल्विस आणि कार्मो आझावेदो यांचे संग्रहही आहेत. पोर्तुगीज येत नसेल तर प्रवेश घेण्याआधीच शिकायला लागा. तेवढ्यावाचून यातला अर्ध्याहून अधिक मजकूर बंद राहतो. पूर्वी कुणी त्याच विषयावर प्रबंध केला आहे का ते 'शोधगंगा' या संकेतस्थळावर तपासा आणि १९८५पूर्वीच्या प्रबंधांसाठी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मौखिक परीक्षेत जुन्या पीजी सेंटरमधील एखाद्या प्रबंधाचे नाव निघते.

पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे असतात, वर २ वर्षांची वाढ मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षे मिळतात.

प्रश्न : मराठी विभाग बंद झाला असे ऐकले. खरे का?
– वास्को

उत्तर : नाही. विद्यापीठाने पूर्वीच्या विद्याशाखा आणि विभाग मोडून 'स्कूल' अशी रचना केली. मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, पोर्तुगीज आणि फ्रेंच हे विषय आता 'शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य स्कूल'मध्ये आहेत. विषय चालू आहे, फक्त फलक बदलला. शणै गोंयबाब म्हणजे कोंकणी लेखक वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, १८७७मध्ये डिचोलीत जन्मलेले. सामाजिक शास्त्रांच्या स्कूलला दा. ध. कोसंबी यांचे नाव आहे. गणित आणि इतिहास या दोन्हींत अधिकार असलेला हा विद्वान १९०७मध्ये गोव्यातल्या कोसबेन गावी जन्मला. त्यांच्याच नावे असलेल्या अभ्यागत संशोधन प्राध्यापकपदावर रोमिला थापर आणि माधव गाडगीळ यांनी काम केले आहे. अशा अध्यासनांखाली, म्हणजे मान्यवरांच्या नावे असलेल्या प्राध्यापकपदांवर, येणाऱ्या विद्वानांची व्याख्याने आणि छोटे अभ्यासक्रम बहुधा सर्वांसाठी खुले असतात. बा. भ. बोरकर आणि मारियो मिरांडा यांच्या नावांचीही अध्यासने आहेत. गावोगावच्या वाचनालयांनी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवून ही सूचना आपल्या फलकावर लावली, तर त्यांचा लाभ पठाराखालीही पोचेल. नव्या रचनेत प्रत्येक स्कूलचा कारभार अधिष्ठाता पाहतात, म्हणून पत्र लिहिताना 'विभागप्रमुख' ऐवजी 'अधिष्ठाता' लिहा, नाहीतर ते टेबलाटेबलांवर फिरत राहते.

प्रश्न : विद्यापीठाच्या इमारतींचा आराखडा कुणाचा?
– पणजी

उत्तर : सतीश गुजराल यांचा. चित्रकार आणि शिल्पकार म्हणून ते ज्ञात होतेच. वास्तुरचनेचे औपचारिक शिक्षण नसतानाही दिल्लीतील बेल्जियमच्या वकिलातीची त्यांनी रचलेली इमारत जगभर गाजली. ताळगाव पठारावरचा विद्यापीठाचा परिसर सुमारे ४२७ एकरांचा आहे.

प्रश्न : प्राध्यापकांची किती पदे रिकामी आहेत, असा माहिती अधिकारात अर्ज केला. 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले. पुढे काय करावे?
– साखळी

उत्तर : तुम्ही अर्जाची प्रत पाठवली ते बरे झाले. त्यात 'पदे का भरली नाहीत आणि कधी भरणार?' असे विचारले आहे. माहिती अधिकारात कार्यालयाकडे जो कागद आहे तोच मिळतो, कारणे किंवा आश्वासने मिळत नाहीत. नवा अर्ज असा करा : 'अमुक तारखेस विषयवार मंजूर, भरलेल्या व रिक्त अध्यापक पदांच्या तक्त्याची प्रत; नियमित, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांची विषयवार संख्या; आरक्षणाच्या बिंदुनामावलीची (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी, या तक्त्याची) प्रत; गेल्या ३ वर्षांतील अध्यापक भरतीच्या जाहिरातींच्या प्रती.' कंत्राटी आणि तासिका हे शब्द घालायला विसरू नका. नाहीतर भरलेल्या पदांत ते धरले आहेत की नाहीत, हे उत्तरावरून कळत नाही.

शुल्क १० रुपये, प्रतींचे वेगळे. अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच संस्थेतील पहिल्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करा. त्यासाठी मूळ अर्ज आणि आलेले उत्तर जोडायचे. तिथेही काम झाले नाही तर ९० दिवसांच्या आत पणजीतील राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. हे सगळे करण्यापूर्वी एकदा विद्यापीठाचा वार्षिक अहवाल चाळा. अध्यापकांची नावे, पदे, त्यांचे शोधनिबंध आणि वर्षभरातील पीएच.डी. त्यात दिलेल्या असतात आणि ते मिळवायला अर्ज करावा लागत नाही. लागोपाठच्या दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून नावे ताडली की कोण निवृत्त झाले आणि त्या जागी कुणी आले की नाही, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. मग अर्जात थेट त्या विषयाचे आणि त्या पदाचे नाव घालता येईल.